कथा अडली की काय वाचायचं, आणि कसं

‘लिहायचं असेल तर भरपूर वाचा’ हा सल्ला प्रत्येक लेखन कार्यशाळेत मिळतो. सोबत पंचवीस-तीस पुस्तकांची यादीही मिळते. वाचायला बसल्यावर नेमकं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. वर्षाला पन्नास पुस्तकं संपवणारे आणि तरी दर वर्षी तीच ती कथा लिहिणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांचं वाचन कमी पडत नाही. पण ते वाचतात ते गोष्ट पुढे काय होते हे कळण्यासाठी, आणि लिहिताना लागतं ते वेगळंच काहीतरी.

या पोस्टमध्ये फक्त कथेपुरतं बोलायचं आहे. साधारण 3,000 ते 5,000 शब्दांची, दिवाळी अंकात सहज बसेल अशी कथा. कविता आणि कादंबरीची गणितं वेगळी आहेत, ती इथे नकोत.

सुरुवात पुस्तकापासून करायची नाही, स्वतःच्या कच्च्या खर्ड्यापासून करायची. खर्डा वाचून जिथे हात थांबलाय किंवा जिथे वाचताना आपल्यालाच कंटाळा येतोय, ती एक जागा शोधा आणि तिचा एकच प्रश्न करा. ‘चांगली सुरुवात कशी करावी’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचं उत्तर कुठल्याही पानावर बोट ठेवून दाखवता येत नाही. ‘सासू पहिल्यांदा दारात येते तिथे मी तिच्याबद्दल आठ वाक्यं सांगून टाकलीत, नवं माणूस आणताना बाकीचे लेखक पहिल्या पाच वाक्यांत काय सांगतात आणि काय मागे ठेवतात?’ हा प्रश्न उपयोगी आहे. तो मोजता येतो. पान उघडलं की उत्तर दिसतं, किंवा दिसत नाही हे तरी कळतं.

हा प्रश्न कागदाच्या पट्टीवर लिहून तीच पट्टी खूण म्हणून पुस्तकात ठेवावी. पोरकट वाटेल, पण वीस पानांनंतर आपण काय शोधत होतो हे माणूस हमखास विसरतो. दोन प्रश्न एकदम घेऊ नयेत. दोन घेतले की पेन्सिल सगळीकडे फिरते, आणि सगळं पान अधोरेखित झालं म्हणजे काहीच अधोरेखित झालेलं नसतं.

एका प्रश्नासाठी तीन मजकूर घ्यायचे. पहिला आपल्या कथेच्या जवळचा: तेच वातावरण, तसंच घर, तशीच माणसं. दुसरा लांबचा, ज्याचा आपल्या विषयाशी संबंध नाही पण तीच अडचण त्यात सोडवलेली आहे. तिसरा फसलेला. हा तिसरा लोक टाळतात, आणि शिकायला सगळ्यात जास्त त्याच्यातच असतं. गेल्या चार-पाच वर्षांचे दिवाळी अंक रद्दीच्या दुकानात किंवा वाचनालयात मिळतात. त्यातली एखादी मधल्या दर्जाची कथा घ्यावी, जी वाचताना तिसऱ्या पानावर मन उठलं. मन नेमकं कुठल्या वाक्याला उठलं? तिथे पेन्सिलीची रेघ मारायची. उत्तम कथेचे सांधे दिसत नाहीत म्हणूनच ती उत्तम असते. फसलेल्या कथेत सगळा सांगाडा उघडा असतो.

पहिलं वाचन पेन्सिल न घेता, एका बैठकीत. हे गाळू नका. कथा वाचक म्हणून आपल्यावर काय करते हे माहीत नसेल, तर ती ते कसं करते हे शोधण्यात अर्थ नाही. शेवटी गलबललं की नाही, कुठे हसू आलं, कुठे शंका आली, एवढं दोन ओळींत टिपून ठेवायचं. पेन्सिल दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या वाचनात करायचं सगळ्यात कामाचं काम म्हणजे नकाशा. चौरेघी वही किंवा आडवा कागद घ्या. कथेतल्या प्रत्येक परिच्छेदाला एक चौकोन, आणि त्यात एक अक्षर. प्रसंग डोळ्यासमोर घडत असेल तर ‘प्र’, लेखक थोडक्यात सांगून पुढे जात असेल तर ‘सां’, जागेचं किंवा माणसाचं वर्णन असेल तर ‘व’, पात्राच्या मनातलं असेल तर ‘म’. संवादाच्या सलग ओळी एकाच चौकोनात. अक्षराखाली परिच्छेदाच्या ओळींचा आकडा लिहा. मध्यम लांबीच्या कथेचा असा नकाशा तास-दीड तासात होतो. मग तसाच नकाशा स्वतःच्या खर्ड्याचा काढायचा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

बहुतेक नवशिक्यांच्या खर्ड्यात पहिले आठ-दहा चौकोन ‘व’ आणि ‘सां’ने भरलेले निघतात. गाव कसं, घर कसं, नायकाचे वडील काय करायचे, आई कधी वारली. पहिला ‘प्र’ दुसऱ्या-तिसऱ्या पानावर. दुसरा नेहमीचा दोष शेवटाकडे असतो: लेखक थकलेला असतो, शब्दमर्यादा संपत आलेली असते, मग ज्या प्रसंगासाठी सगळी कथा रचली तोच ‘सां’मध्ये उरकला जातो. ‘मग दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि ती माहेरी निघून गेली.’ भांडण तेवढं दाखवायचं होतं! हा दोष वाचताना जाणवतो पण बोट ठेवता येत नाही. नकाशावर तो लगेच दिसतो, कारण शेवटच्या चार चौकोनांखाली 2, 3, 2, 4 असे आकडे असतात आणि सुरुवातीच्या चौकोनांखाली 14, 18.

नकाशाचा एक धोका आहे. चांगल्या कथेचा नकाशा साचा म्हणून वापरायचा मोह होतो: तिच्यात पाचव्या चौकोनात प्रसंग आहे, म्हणून माझ्यातही पाचव्यात हवा. असं केलं की कथा शिकवणीच्या नोट्ससारखी होते. नकाशे तीन-चार काढले की हा मोह आपोआप सुटतो, कारण तीन चांगल्या कथांचे नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत.

आता वाक्याकडे. मराठीत लिहिणाऱ्याची एक खास अडचण आहे, आणि भाषांतरित लेखन-मार्गदर्शकांत ती सापडणार नाही. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. भूतकाळात लिहायला लागलं की प्रत्येक वाक्य ‘होता, होती, होतं’वर आपटतं. हा खर्डा बघा:

‘सकाळ झाली होती. स्टँडवर गर्दी होती. म्हातारी बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत भाकरी होत्या. ती मुलाची वाट बघत होती.’

सहा वाक्यं, सहाही वाक्यांचा शेवट एकाच क्रियापदावर. चूक एकही नाही, तरी मोठ्याने वाचलं की पाढे म्हटल्यासारखं वाटतं. अशा वेळी वाचनाचा प्रश्न असा ठरवायचा: वाक्यं कशावर संपतात? आवडत्या लेखकाचं कुठलंही एक पान घ्या. सलग वीस वाक्यांचा फक्त शेवटचा शब्द वहीत एकाखाली एक लिहा. बाकी काही वाचू नका. ही नुसती शब्दांची उभी रांग खूप बोलते. ‘होता’ किती वेळा आला? ‘गेला, उठली, ठेवलं’ अशी एका झटक्यात पूर्ण होणारी क्रियापदं किती? क्रियापदच नसलेली वाक्यं किती? क्रियापद आधी येऊन नंतर नाव किंवा शेपूट आलेलं, म्हणजे ‘आला एकदाचा तो’ किंवा ‘बसून राहिली मग तशीच’ या वळणाची वाक्यं किती? नकारावर संपणारी किती? दहा मिनिटांत एका लेखकाच्या लयीचा अंदाज येतो. मग त्याच लांबीचं स्वतःचं पान घेऊन तीच रांग काढायची.

या रांगा बघितल्यावर वरचा खर्डा असा बदलता येतो:

‘स्टँडवर सकाळची गर्दी. बाकाच्या टोकाला म्हातारी, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून. भाकरीची ऊब अजून कापडातून बाहेर येत होती. साताऱ्याची गाडी आली, रिकामी झाली, गेली. पोरगा उतरला नाही.’

पहिल्या दोन वाक्यांना क्रियापद नाही. जागा आणि माणूस नुसते समोर ठेवलेत. तिसऱ्यात ‘येत होती’ मुद्दाम राहू दिलंय, कारण ऊब चालू आहे आणि ‘अजून’ला तोच काळ लागतो. शिवाय त्या ‘अजून’मध्ये म्हातारी पहाटे उठून भाकरी थापून आली, हे न सांगता येतं. चौथ्यात तीन छोटी क्रियापदं लागोपाठ, म्हणजे वेळ सरकला. पाचवं वाक्य नकारावर संपतं आणि ‘ती मुलाची वाट बघत होती’ हे वाक्य अनावश्यक ठरवतं. उलट बाजूही लक्षात असू द्या. क्रियापद नसलेली वाक्यं तीन-चारच्या पुढे सलग गेली की मजकूर पटकथेतल्या सूचनांसारखा दिसायला लागतो. हल्ली कथांमध्ये हा रोग बराच आहे.

संवादासाठी वाचताना प्रश्न आणखी बारीक करावे लागतात. एका पानावर ‘म्हणाला, म्हणाली’ किती वेळा येतं, आणि जिथे येत नाही तिथे कोण बोलतंय हे कशावरून कळतं? मराठीत बऱ्याचदा ते संबोधनावरून कळतं. ‘अहो’, ‘अगं’, ‘वैनी’, ‘दादा’, ‘मास्तर’ ही हाक नुसती हाक नसते, तिच्यात नातं, वय, जात, गाव, राग सगळं भरलेलं असतं. दोन माणसं ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतात ती ओळ शोधा. किंवा भांडणात ‘तू’ म्हणणारी बायको एकदम ‘तुम्ही’वर जाते ती. आपल्या भाषेला ही सोय आहे आणि चांगले लेखक ती पूर्ण कथेत एकदाच, योग्य जागी वापरतात. आपल्या खर्ड्यात पात्रं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात याची यादी करून बघा. पाचव्या पानावर ती नकळत बदललेली असण्याची शक्यता बरीच.

बोलीचा प्रश्नही वाचूनच सुटतो. गावाकडची कथा लिहिताना नवखा लेखक प्रत्येक शब्द वाकडा करतो, ‘व्हतं, न्हाई, कुटं, म्या, तुमास्नी’ सगळं एका वाक्यात, आणि वाचकाला ओळ दोनदा वाचावी लागते. व्यंकटेश माडगूळकर किंवा शंकर पाटील यांची कुठलीही ग्रामीण कथा उघडा आणि संवादाच्या दहा ओळींत प्रमाण लेखनापेक्षा वेगळे किती शब्द आहेत ते मोजा. मग हेही बघा, की बोलीचं बोलीपण उच्चारात किती आहे आणि वाक्याच्या बांधणीत, म्हणींत, काय आधी बोललं जातं आणि काय गिळलं जातं यात किती आहे. निवेदन कुठल्या भाषेत आहे आणि संवाद कुठल्या, दोन्हींमधली सीमारेषा किती ठळक आहे, हेही त्याच वाचनात दिसतं.

निवेदक ठरत नसेल तर मात्र एक-दोन कथांवर भागत नाही, मोठी पुस्तकं उलटावी लागतात. हे वाचन पूर्ण पुस्तकाचं नसतं. पहिली वीस आणि मधली वीस पानं पुरतात. माडगूळकरांची 1955 सालची ‘बनगरवाडी’ गावात नव्याने आलेला शाळामास्तर सांगतो. तो बाहेरचा असल्यामुळे त्याला जे माहीत नाही ते वाचकालाही माहीत नाही, आणि गावाची ओळख करून द्यायला लेखकाला वेगळं थांबावं लागत नाही. आपल्या कथेत पहिल्या दोन पानांत माहितीचा ढीग होत असेल, तर निवेदक गावाच्या आतला घेतलाय का, हे तपासावं. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी, 1890 पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आलेली. पुरुष लेखक आणि ‘मी’ म्हणून बोलणारी बाई, यमू. वेगळ्या लिंगाचा किंवा वेगळ्या वयाचा निवेदक घेतलाय त्यांनी तिच्यातलं एक प्रकरण एवढ्यासाठीच वाचावं, की यमूला कुठल्या गोष्टी दिसतात आणि कुठल्या दिसत नाहीत. प्रकरणं कशावर सोडली आहेत तेही बघावं, कारण वाचकाला पुढच्या अंकापर्यंत टिकवायचं होतं. आठवणीतली गोष्ट वर्तमानात कशी आणायची, या प्रश्नाला 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ एक उत्तर देते: आश्रमातले मित्र बसलेत आणि श्याम रात्री-रात्रींत सांगतोय. आठवण सुरू होण्याआधी श्रोत्यांच्या किती ओळी येतात, मध्ये त्यांना बोलू दिलंय का, रात्र संपते कशी, एवढंच बघायचं. आणि दुःखाचं लिहिताना सूर रडका होत असेल तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधली वडिलांच्या सोवळ्याची पानं काढा. छळच आहे तो, पण सांगितलाय कसा! विशेषणं शोधा त्या पानांत. फार हाती लागणार नाहीत.

आवडत्या लेखकाचे उतारे वहीत उतरवून काढण्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. माझं मत: उतरवणं उपयोगी आहे, पण झेरॉक्स मशीनसारखं नाही. 200 शब्दांचा एकच उतारा घ्या. एक वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचा, पुस्तक उलटं ठेवा, आणि ते वाक्य आठवणीने लिहा. मग ताडून बघा. जिथे तुमच्या हाताने पुस्तकापेक्षा वेगळं लिहिलं, तिथे तुमची सवय उघडी पडली. हाताने स्वतःहून ‘अचानक’ घातलं असेल. ‘डोळ्यांत पाणी आलं’चं ‘डोळे पाणावले’ केलं असेल. दोन छोटी वाक्यं ‘आणि’ने जोडली असतील. अशा पाच-सहा उताऱ्यांत तेच दोन-तीन बदल पुन्हा पुन्हा दिसले, की खर्ड्यातून काय काढायचं याची यादी तयार. याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. फोनवर टाइप करून हे साधत नाही. कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो आणि सवय कुणाची होती तेच कळत नाही.

याच्या पुढची पायरी अमेरिकन मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिनची. लहान वयात गद्य सुधारण्यासाठी ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकातल्या लेखांवर तो काय करायचा, हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा, मग मूळ लेख न बघता त्या टिपणांवरून पूर्ण लेख पुन्हा लिहायचा आणि मूळाशी ताडायचा. शब्दसाठा तोकडा पडतोय हे लक्षात आल्यावर त्याने काही गोष्टी पद्यात केल्या आणि मूळ गद्य विसरल्यासारखं झालं की त्या परत गद्यात आणल्या. कधी टिपणांचा क्रम विस्कटून टाकायचा आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा लावायचा, विचारांची मांडणी शिकण्यासाठी.

मराठीत हे करताना एक बदल करावा लागतो. टिपणात क्रियापद लिहायचं नाही. आपल्याकडे क्रियापदाच्या रूपातच काळ, लिंग, वचन आणि अर्धी लय असते. ते लिहून ठेवलं की वाक्य आपोआप उभं राहतं आणि सराव फुकट जातो. ‘म्हातारी, बाक, पिशवी घट्ट’ एवढं पुरे. 250 ते 300 शब्दांचा उतारा असेल तर चार-पाच दिवसांचं अंतर ठेवावं. दुसऱ्याच दिवशी बसलं तर स्मरणशक्तीची परीक्षा होते. ताडताना सगळं एकदम बघू नका. आधी फक्त हे बघा, की लेखकाने काय लिहिलंच नव्हतं आणि आपण भर घातली. माझ्या मते कथेसाठी हीच सगळ्यात मोठी शिकवणी आहे, कारण आपण जवळपास नेहमीच समजावून सांगितलेलं असतं. नंतर शब्द: त्याने ‘सांडशी’ लिहिलं आणि आपण ‘भांडं उचलायची वस्तू’, त्याने ‘रुमणं’ आणि आपण ‘नांगराची मूठ’. क्रम शेवटी.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर: सुंदर शब्दांची वही करू नये. अशा वहीतले ‘धूसर’, ‘हळवं’, ‘निःशब्द’ हे शब्द नंतर कथेत कुठेही शिरतात. नेमक्या शब्दांची वही करावी, एका पुस्तकातून तीन ते पाच, प्रत्येकाबरोबर ज्या वाक्यात तो आला ते आख्खं वाक्य. शंका असेल तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची आवृत्ती, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत आहेत, पण जुन्या बोलण्यातल्या छटा त्यात टिकून आहेत.

माहितीसाठीचं वाचन ही तर वेगळीच जमात. 1880 च्या सुमाराचं पुणं किंवा सातारा कथेत हवं असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे जिल्हावार खंड आहेत. पुणे आणि सातारा दोन्ही 1885 चे. गावातली बलुतेदारी, कुणाला किती वाटा, कोण कुणाच्या दारात कुठे थांबायचं, हे त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 1915 सालच्या ‘गाव-गाडा’त मिळतं. ते उघडण्याआधी सात-आठ प्रश्न लिहून काढावेत आणि तेवढेच शोधून पुस्तक मिटावं. नाहीतर माणूस तीन महिने गॅझेटिअर वाचत बसतो आणि मग इतकं वाचलंय म्हणून सगळं कथेत कोंबतो. वाचलेल्या दहा गोष्टींतली एक कथेत आली तर पुष्कळ झालं.

भाषांतरित कथा घ्यावी का? रचनेसाठी जरूर घ्यावी: निवेदक, काळाच्या उड्या, शेवट कुठे तोडलाय, हे सगळं भाषांतरातही शाबूत राहतं. वाक्याच्या लयीसाठी बहुतेक वेळा घेऊ नये, कारण ती लय लेखकाची नसते आणि पुष्कळदा मराठीचीही नसते. राम पटवर्धनांच्या ‘पाडस’सारखा अपवाद निघतो, तिथे मराठीच अभ्यासायच्या योग्यतेचं आहे. पटवर्धन आणि श्री. पु. भागवत ‘सत्यकथा’ या मासिकाचे संपादक होते. हस्तलिखित वाचून कुठे काय फसलंय ते लेखकाला नेमकं कळवायचं आणि पुन्हा लिहायला लावायचं, ही तिथली रीत. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद झालं. आज कथा पाठवली की बहुधा ‘स्वीकृत’ किंवा शांतता, एवढंच परत येतं. म्हणून तो नकाशा आणि त्या शब्दांच्या रांगा स्वतःच काढाव्या लागतात.

वहीतली नोंद कशी लिहायची यावर बरंच अवलंबून आहे. ‘अप्रतिम वर्णन’, ‘शेवट भिडला’ असल्या नोंदी सहा महिन्यांनी वाचल्या तर काही कळत नाही. नोंद क्रियेची हवी: ‘मृत्यूची बातमी संवादात. ऐकणारी त्या वेळी तांदूळ निवडतेय. बातमीनंतर तीन ओळी फक्त तांदळाच्या. रडणं नाही.’ खाली लगेच दुसरी ओळ: ‘माझ्या कथेत पान 6, काकाची बातमी, हात रिकामे आहेत. हाताला काम देऊन बघणे.’ ही दुसरी ओळ नसेल तर नोंद अपुरी समजा. आणि ती दोन दिवसांच्या आत खर्ड्यावर करून बघायची, जमो न जमो. आठवडा गेला की प्रश्नाची धग जाते आणि वही नुसती भरत राहते. शंभर नोंदी आणि एकही सुधारलेलं पान नाही, हा या पद्धतीचा सगळ्यात सर्रास दिसणारा अपघात. वाचन हे लिहिणं टाळायचं फार प्रतिष्ठित निमित्त आहे. घरचेसुद्धा काही बोलत नाहीत.

दुसरा अपघात वाचलेल्या लेखकाचा आवाज आपल्यावर चढण्याचा. जी. ए. कुलकर्णी आठ दिवस सलग वाचले की आपल्या कथेतल्या बँकेच्या कारकुनाच्या बोलण्यात दैव, सर्प आणि वाळवंट यायला लागतं. लेखक जितका ठाम, तितका त्याचा रंग चटकन लागतो. पहिला खर्डा चालू असताना अशा लेखकांना हात लावू नये. अडलेली जागा चिन्हांकित करून पुढे जावं आणि खर्डा एकदा शेवटापर्यंत न्यावा. प्रश्न घेऊन वाचायची वेळ त्यानंतरची, दुसऱ्या खर्ड्याआधीची. मधल्या काळात वाचल्याशिवाय करमतच नसेल तर पाककृतींचं पुस्तक, जुनं पंचांग, शेतीचं मासिक असलं काही चालतं.

वेळेचं म्हणाल तर दिवाळी अंकांसाठी मजकूर जून-जुलैपासून गोळा व्हायला लागतो. फेब्रुवारीत पहिला खर्डा असेल तर मार्च-एप्रिल या वाचनाला मिळतात. आठवड्याला एक प्रश्न, तीन मजकूर, साधारण चार तास: एक तास सरळ वाचन, दीड तास नकाशा किंवा रांगा, अर्धा तास उतारा आणि उरलेला तास स्वतःच्या पानावर. सहा आठवड्यांत सहा प्रश्न. एका कथेला त्याहून जास्त प्रश्न असतील तर ती कथा बाजूला ठेवून दुसरी घ्यावी, हे माझं मत. काही जणांना ते पटत नाही.

ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलसुद्धा चालवू नका. बोटभर रुंदीच्या कागदी पट्ट्या कापून ठेवा, पट्टीच्या बाहेर आलेल्या टोकावर ओळीचा क्रमांक लिहा: वरून मोजलं तर साधा आकडा, खालून मोजलं तर आकड्याखाली रेघ. चिकटणारे रंगीत कागद जुन्या, पिवळ्या पडलेल्या पानांवर लावू नका, काढताना पानाचा पापुद्रा निघतो. पुस्तक परत करायच्या आदल्या दिवशी पट्ट्या एकेक करून काढा आणि त्या-त्या ओळीचा पान क्रमांक वहीत उतरवून घ्या. आवृत्तीचं सालही लिहा, कारण पुढच्या वेळी दुसरी आवृत्ती हाती आली तर पान क्रमांक जुळत नाहीत.